वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करावी की नाही: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी निर्णयाच्या पायऱ्या

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे डॉक्टर जिला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात तिचा, विषय घरात पहिल्यांदा निघतो तो बहुधा दुसऱ्याच निमित्ताने. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ असे सांगितलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या पुरेनाशा होऊन इन्सुलिन सुरू झालेले असते, किंवा लग्नाच्या बोलणीत कोणी तरी मुलीच्या अंगकाठीवरून बोलून गेलेले असते. पहिली दोन कारणे डॉक्टरांपुढे मांडण्याजोगी आहेत. तिसरे या शस्त्रक्रियेसाठी पुरेसे कारण नाही. ही शस्त्रक्रिया आजारावरचा उपचार आहे, दिसण्यावरचा नाही, आणि तिच्यानंतरचे पथ्य जन्मभराचे आहे. हे ध्यानात ठेवून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने चढाव्यात. पैशांची चौकशी आधी आणि आजाराची नंतर, असा उलटा क्रम बऱ्याच घरांत होतो आणि तिथेच निर्णय भरकटतो.

पहिली पायरी: आकडा काढणे

घरातला वजनकाटा आणि शिंप्याची टेप एवढ्यावर हे काम होते. वजन किलोमध्ये घ्यावे, उंची मीटरमध्ये घ्यावी, उंचीला उंचीनेच गुणावे आणि त्या गुणाकाराने वजनाला भागावे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. उदाहरणार्थ, ५ फूट ३ इंच, म्हणजे १.६० मीटर उंची असलेल्या आणि ९५ किलो वजनाच्या व्यक्तीचा बीएमआय ३७ च्या आसपास येतो. त्याच उंचीला ७० किलोच्या थोडे वर २७.५, ८३ किलोला ३२.५, ९० किलोला ३५ आणि १०२ किलोच्या थोडे वर ४० हा आकडा गाठला जातो. कमरेचा घेरही मोजून ठेवावा, कारण आपल्याकडच्या लोकांत चरबी पोटावर साठण्याची प्रवृत्ती अधिक असून पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानला जातो.

हे आकडे मुद्दाम दिले, कारण ‘शस्त्रक्रियेस पात्र’ या शब्दांचा अर्थ कोण विचारतो त्यावर बदलतो. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेला जुना निकष असा होता की बीएमआय ४० असावा, किंवा ३५ असून सोबत वजनामुळे जडलेला एखादा गंभीर आजार असावा. भारतीयांना कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात हे लक्षात घेऊन भारतातील तज्ज्ञांनी ही मर्यादा खाली आणली, आणि आजार नसल्यास ३७.५, असल्यास ३२.५ हे आकडे येथील डॉक्टर बराच काळ वापरत आले आहेत. २०२२ मध्ये या क्षेत्रातील अमेरिकन व आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांनी मिळून नव्या शिफारशी केल्या. त्यांनुसार ३५ च्या पुढे आजार असो वा नसो शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो, मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास ३० पासून तिचा विचार करता येतो, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच हा पर्याय मांडता येतो. तेव्हा दोन डॉक्टरांनी दोन आकडे सांगितले तर दोघांपैकी एक जण फसवत आहे असे लगेच समजू नये. कोणत्या निकषाने बोलत आहात, एवढे विचारावे. विमा कंपनीचा आकडा मात्र या सर्वांहून वेगळा असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरी पायरी: आजारांची यादी आणि वजनवाढीचे कारण

एका वहीत चालू असलेले आजार, ते केव्हापासून आहेत आणि कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून काढावे: मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, यकृतावरील चरबी, मासिक पाळीतील अनियमितता, मूल न होणे. यांत लोकांकडून हमखास राहून जाणारा आजार म्हणजे झोपेत श्वास अडकणे. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून जाग येणे आणि दिवसा गाडी चालवतानाही पेंग येणे ही त्याची लक्षणे असून ती रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असतात. म्हणून ही यादी एकट्याने करू नये.

मधुमेह किती वर्षांचा आहे, याला या निर्णयात फार वजन आहे. ज्यांचा मधुमेह अलीकडचा आहे आणि जे अजून गोळ्यांवर आहेत, त्यांची साखर शस्त्रक्रियेनंतर औषधांशिवाय ताब्यात राहण्याची शक्यता चांगली असते. पंधरा-वीस वर्षे जुना आणि इन्सुलिनवर गेलेला मधुमेह असल्यास औषधे कमी होतात, पण पूर्ण सुटतीलच असे नाही. ‘साखर कायमची जाईल’ असे आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे.

थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, आणि स्टेरॉईड किंवा मानसिक आजाराची काही औषधे दीर्घकाळ चालू असतील तर ती वजन वाढवत नाहीत ना, हे फॅमिली डॉक्टरांना विचारावे. औषधे मनाने बंद करू नयेत. याच वहीत आजवर आहार-व्यायामाचे कोणते प्रयत्न केले, किती काळ केले आणि उतरलेले वजन किती दिवसांत परत आले, हेही तारखांसह लिहावे. शल्यचिकित्सक हा इतिहास विचारतातच; विमा कंपनी तर तो कागदावर मागते.

तिसरी पायरी: इंजेक्शनांचा पर्याय समजून घेणे

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात विक्रीला आली आणि त्यानंतर शस्त्रक्रियेचा निर्णय पूर्वीइतका सरळ राहिला नाही. चाचण्यांमध्ये वेगोवीतील सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षाच्या सुमारास सरासरी १५ टक्के, तर मौंजारोतील तिर्झेपटाइडने मोठ्या मात्रेत सुमारे २० टक्के वजन उतरल्याचे दिसले. शस्त्रक्रियेने यापेक्षा जास्त, म्हणजे साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते आणि ते अधिक काळ टिकते. इंजेक्शन थांबवल्यावर उतरलेल्या वजनातले बरेचसे परत येते, म्हणून ‘सहा महिने घेऊन बघू’ हा हिशेब फसवा आहे. महिन्याचा खर्च किती वर्षे झेपेल ते आधी मांडावे. बीएमआय ३० च्या आसपास असेल तर आधी औषधांचा मार्ग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पाहणे मला शहाणपणाचे वाटते. बीएमआय चाळिशीपुढे गेला असेल आणि सोबत झोपेतील श्वासाचा त्रास किंवा बेकाबू मधुमेह असेल, तर औषधांच्या नावाखाली शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलण्यात नुकसान आहे. तोंडाने गिळायच्या किंवा दुर्बिणीतून पोटात ठेवायच्या फुग्याचीही जाहिरात होते. तो काही महिन्यांनी बाहेर निघतो आणि त्यानंतर वजन परत येण्याची शक्यता मोठी असते.

चौथी पायरी: कोणती शस्त्रक्रिया, आणि तिने काय बदलते

आज प्रामुख्याने तीन प्रकार केले जातात आणि तिन्ही दुर्बिणीतून होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होत असल्याने खाणे तर कमी होतेच, भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जाते. मिनी बायपास हा त्याचाच एकाच जोडाचा प्रकार असून तो भारतात बराच प्रचलित आहे.

निवड कशावरून करायची? ज्यांना आधीपासून छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा तो त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो; अशांना बहुधा बायपास सुचवतात. मधुमेहावर बायपासचा परिणाम अधिक ठळक असतो. उलट बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची कमतरता जास्त होते, गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि जुलाब होण्याचा प्रकार घडू शकतो, आणि अंगदुखीच्या काही गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण पडू शकतात. शेतात किंवा कारखान्यात राबणाऱ्या माणसाला या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊन खाण्याची सवय असतेच. ती सुटणार नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. निवड बदलू शकते.

अपेक्षाही आकड्यात मांडावी. ११० किलोच्या माणसाचे २५ ते ३० टक्के म्हणजे २८ ते ३३ किलो. वर्ष-दीड वर्षात तो ८० किलोच्या जवळ येईल, ६० वर नाही. त्यानंतर काही किलो परत चढणे सामान्य आहे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान केस गळतात आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. दंड, पोट आणि मांड्यांवरची कातडी लोंबते, ती आपोआप पूर्ण आवळत नाही.

धोक्याबद्दल दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेने मृत्यू होण्याचे प्रमाण हजारात एक-दोन इतके, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास आहे. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे सुरुवातीच्या दिवसांतले गंभीर धोके आहेत. पुढे झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात.

पाचवी पायरी: घर हे पेलेल का

निर्णय खरा ठरतो तो स्वयंपाकघरात. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस पातळ पाणीदार पदार्थ, मग पेज, गाळलेली आमटी, ताक यांसारखे द्रव, त्यानंतर मिक्सरमधून काढलेले आणि मऊ अन्न, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. त्यापुढे जेवण वाटीभर आणि चावून-चावून, पाणी जेवणासोबत नाही तर अर्ध्या तासाच्या अंतराने, आणि रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि वाटीभर वरणातही जवळपास तेवढीच, हे पाहिले की शाकाहारी घराला याचे नियोजन किती काटेकोर करावे लागेल ते लक्षात येईल. भाकरी आणि भात पोटभर खाऊन आमटी तोंडी लावायची, हा आपल्याकडचा ताटाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी उसळ, पिठले, अंडे, मासा किंवा पनीर, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. ताटात उरलेले पाहून सासूबाई किंवा आई आग्रह करणार असतील, तर आहारतज्ज्ञांच्या भेटीला त्यांनाच सोबत न्यावे. पाहुण्यांच्या घरी पुढे येणारा कुंदा दोन चमच्यांवर थांबवता येईल का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण गोड आणि पातळ पदार्थ लहान झालेल्या जठरातूनही सहज उतरतात आणि वजन परत चढण्याची ती नेहमीची वाट आहे.

तंबाखूबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू हे पीकही आहे आणि सवयही. पुरुषांची बिडी आणि मळलेला तंबाखू डॉक्टर विचारतात, पण बायकांची मिश्री विचारायची राहून जाते आणि घरातही तिला कोणी व्यसन मानत नाही. तंबाखूने जखम भरण्यास अडथळा येतो, गुठळीचा धोका वाढतो आणि बायपासच्या जोडावर व्रण पडतात. शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी धूम्रपान सुटलेले असावे आणि ते परत सुरू होऊ नये. मिश्रीचीही माहिती शल्यचिकित्सकांना द्यावी. दारूचे तसेच आहे: शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना नव्याने व्यसन लागते.

मूल हवे असलेल्या जोडप्यांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून गर्भनिरोधनाचा विचार आधीच करावा. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. मनाची तपासणीही टाळू नये. उदासीनता, रात्री उठून खाण्याची सवय, दुःखात खाणे हे आधी बोलले गेले तर उपचार होतो.

सहावी पायरी: रुग्णालय

बेळगावकराला तीन दिशा मोकळ्या असतात. बेळगावातच उपचार घ्यावेत, महामार्गाने कोल्हापूरला किंवा हुबळीला जावे (दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत), की नातेवाईक आहेत म्हणून थेट पुणे-मुंबई गाठावी? माझे मत स्पष्ट आहे: प्रसिद्धीपेक्षा पोहोच महत्त्वाची. पहिल्या वर्षी साधारण पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी तपासणी लागते, रक्तातील जीवनसत्त्वे पाहावी लागतात, आणि मध्येच उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी ओळखीच्या हातांत पोहोचता आले पाहिजे. पुण्याला शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर ती फाईल पाहून पुढची देखरेख करायला तयार असलेला डॉक्टर बेळगावात आधी शोधून ठेवावा.

शल्यचिकित्सकांना विचारायचे प्रश्न कागदावर न्यावेत. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, त्यांत माझ्या प्रकारच्या किती, गळती झाली तर रात्री दोन वाजता कोण येते, अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का, आहारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ ठरलेले आहेत का, पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांचे वजन आता काय आहे. शेवटच्या प्रश्नाला ‘सगळे छान आहेत’ असे उत्तर आले तर ते उत्तर समजू नये. शिबिरात ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ असे सांगितले गेले तर सवलत सोडावी आणि घरी यावे.

संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते. ते मराठीत वाचून समजावून द्या, असे सांगण्यात संकोच करू नये. शस्त्रक्रियेचा प्रकार, ती उलटवता येते की नाही आणि गरज पडल्यास पोट उघडण्याची परवानगी, या तीन गोष्टी समजल्याशिवाय सही करू नये. सही करणारा रुग्ण स्वतः असावा आणि प्रश्नही त्यानेच विचारावेत, कारण घरचे कर्ते पुरुष बोलतात आणि जिच्या पोटाचा प्रश्न आहे ती गप्प बसते, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही.

सातवी पायरी: पैसे

खासगी रुग्णालयात हा खर्च बहुधा अडीच ते पाच लाखांच्या घरात जातो. त्यात जठर कापून टाके घालणाऱ्या स्टेपलर या उपकरणात भरायच्या, एकदाच वापरायच्या काडतुसांचा वाटा मोठा असतो. अंदाजपत्रकात ती किती धरली आहेत, अतिदक्षता विभागातील जास्तीचा दिवस कसा आकारणार आणि गुंतागुंत झाल्यास काय, हे लेखी घ्यावे. त्यापुढे जन्मभराच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वार्षिक तपासण्यांचा खर्च वेगळा.

आरोग्य विम्यात विमा नियामकाने घालून दिलेली अट अशी आहे की व्यक्ती १८ वर्षांची किंवा त्यापुढची असावी, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने असावी, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा, किंवा ३५ असून इतर उपाय निष्फळ ठरल्यानंतर स्थूलतेमुळे हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेतील श्वासरोधाचा तीव्र प्रकार किंवा बेकाबू मधुमेह यांपैकी काही असावे. म्हणजे बीएमआय ३३ आणि मधुमेह असलेला रुग्ण डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र, पण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो. झोपेची तपासणी केलेली नसेल तर श्वासरोध कागदावर नसतो आणि दावा तिथेच अडतो. प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ज्या काळात अशा उपचाराचा दावा मिळत नाही तो, संपला आहे का तेही पाहावे, आणि दाखल होण्यापूर्वी लेखी पूर्वमंजुरी घ्यावी.

सरकारी योजनांपैकी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. पण तातडीच्या नसलेल्या उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाचे संदर्भपत्र लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोणत्याही योजनेत नाव असणे म्हणजे हीच शस्त्रक्रिया तिच्यात असणे नव्हे. म्हणून रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडून ‘ही शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि तिचा क्रमांक कोणता’ हे लिहून घ्यावे. माजी सैनिकांनी बेळगावच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफरल मिळाल्याशिवाय खासगी रुग्णालयात पैसे भरू नयेत.

आठवी पायरी: तारीख, किंवा तूर्त नाही

होकार ठरला तर तारीख सुगी, लग्नसराई आणि पावसाळा पाहून घ्यावी. जांबोटी-कणकुंबी भागात जुलैमध्ये रस्त्यांचा भरवसा नसतो आणि चिकोडी-निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेवरचे सखल पूल पाण्याखाली जातात. पहिल्या महिन्यात रुग्णालयापासून तुटणे परवडणारे नाही. बैठे काम बहुधा दोन आठवड्यांनी सुरू करता येते, ओझे उचलणे किंवा भाताची लावणी मात्र सहा आठवडे तरी नाही. आधीचे दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून कमी उष्मांकांचा आहार देतात. तो पाळला नाही तर शस्त्रक्रिया अवघड होते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन शस्त्रक्रियेनंतर लगेच कमी करावे लागते, त्याचा नवा तक्ता घरी जाण्यापूर्वी हातात असावा. घरी आल्यावर नाडी मिनिटाला १२० च्या पुढे, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप किंवा थांबत नसलेल्या उलट्या यांपैकी काहीही झाले तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून वाट पाहू नये. थेट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे.

नकार ठरला, किंवा ‘तूर्त नाही’ असे ठरले, तर तेही वहीत कारणासह लिहावे: तंबाखू सुटायचा आहे, मूल हवे आहे, विम्याचा प्रतीक्षाकाळ संपायचा आहे, औषधे वापरून पाहायची आहेत. त्यापुढे तीन महिन्यांनंतरची तपासणीची तारीख टाकावी, आणि त्या दिवशी वजन, कमरेचा घेर व साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून फॅमिली डॉक्टरांना ती वही दाखवावी.